छप्पर गळत नाही, तरी श्रावणात जळण ओलं का?

दरवर्षीची हीच रड. उन्हाळ्यात लाकडं फोडायची, खडखडीत वाळवायची, पावसाच्या आधी खोपटात रचून टाकायची, आणि नागपंचमी आली की न्हाणीच्या चुलीत तीच लाकडं नुसती धुपायला लागतात. पाणी तापेना, घरभर धूर, फुंकणी फुंकून डोळे लाल. मग दिवाळीनंतर आणखी दोन पत्रे आणायचे, वर कागद अंथरायचा, चारी बाजूंनी जुना फ्लेक्स गुंडाळायचा. पुढच्या श्रावणात पुन्हा तोच तमाशा. आमच्या गल्लीतल्या आक्का तर तोंडावरच विचारतात, "वरनं टिपूस पडत न्हाई, मग भिजतंय कुठनं?"

भिजतं खालून, बाजूनं आणि पत्र्याच्या पोटातून. आणि फ्लेक्स गुंडाळल्यावर तर जास्तच भिजतं. जळणाला छप्पर लागतं तेवढाच वाराही लागतो. भंगारातल्या सामानातून खोपटं उभं करताना आपण सगळं डोकं छपरावर खर्च करतो आणि वारा बंद करून बसतो.

हे मी शिराळा तालुक्याच्या पश्चिम भागाचं सांगतोय. आरळा, मणदूर, चांदोलीकडचा पट्टा. सांगली जिल्हा एकच, पण जत-आटपाडीला वर्षाकाठी 500-600 मिलीमीटरच्या आसपास पाऊस. आमच्याकडं त्याच्या कितीतरी पट. जतमध्ये चार मेढी आणि वर दोन पत्रे एवढ्यावर भागतं. ते बघून आलेला पाहुणा इथं शहाणपण शिकवायला लागला तर चहा पाजून वाटेला लावावा. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्यांना मात्र खालचं सगळं जसंच्या तसं लागू आहे.

आधी लाकूड ओल कशी धरतं तेवढं बघू. नुकत्या तोडलेल्या लाकडात पाणी बक्कळ असतं; कोरड्या लाकडाच्या वजनाच्या मानानं 50 टक्के किंवा त्याहून जास्त. नीट पेटायला ते 20 टक्क्यांच्या खाली यावं लागतं. 20 च्या वर गेलं की बुरशीलाही फावतं. आता गंमत अशी की लाकूड हवेतली ओलसुद्धा पितं. हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे 90 टक्क्यांवर राहिली, तर एक थेंब न लागता छपराखालचं लाकूड हळूहळू त्या 20 च्या घरात जाऊन बसतं. म्हणजे आषाढ-श्रावणात आपण आधीच काठावर असतो. त्यात जमिनीची ओल, झड (वाऱ्यानं बाजूनं आत येणारा पाऊस) किंवा पत्र्याचा घाम (गार पत्र्याला आतून धरणारे थेंब) यातलं एक जरी मिळालं तरी लाकूड गेलं. उलट मधूनच दोन दिवस उघडीप मिळाली आणि वारा आत फिरला, की तेच लाकूड परत खाली येतं. फ्लेक्सनं बांधलेल्या खोपटात उघडीप आतपर्यंत पोचतच नाही.

आधी तीन लाकडं काढून बघा

पत्रा बदलायच्या आधी हे करा. रचलेल्या थप्पीतून एक लाकूड अगदी बुडातलं, एक मधलं, एक पत्र्यालगतचं काढा आणि तिन्ही उभी फोडा.

बुडातल्याच्या खालच्या अंगाला काळपट ओला पट्टा असेल, साल हातानं सोलून येत असेल आणि सालीखाली कापसासारखे पांढरे धागे पसरलेले असतील, तर पाणी जमिनीतून चढतंय. त्याच लाकडावर पेन्सिलीएवढी मातीची नळी चिकटलेली दिसली तर वाळवीही वर आली आहे.

पत्र्यालगतच्या लाकडावर वरच्या बाजूला टिपक्या-टिपक्यांचे काळे डाग असतील, आणि ते डाग पत्र्याच्या रिपेखाली एका ओळीत असतील, तर वरून घाम गळतोय. एकाच जागी मोठा ओघळ असेल तर मात्र खरंच भोक आहे.

मधलं लाकूड फोडल्यावर आतूनच थंडगार, ओलसर लागलं आणि दोन लाकडं एकमेकांवर आपटल्यावर टणटणीत आवाज न येता बद्द आवाज आला, तर खोपट्याचा काही दोष नाही. ते लाकूड आत गेलं तेव्हाच ओलं होतं. आमच्याकडं हा प्रकार अलीकडं वाढलाय. 2004 ला चांदोलीचं राष्ट्रीय उद्यान झालं, 2010 ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला, आणि जंगलातला वाळका फाटा पूर्वीसारखा आणता येईना. आता बांधावरची सुबाभूळ, निलगिरी, बाभूळ तोडायची आणि तीच जाळायची. वाळका फाटा झाडावरच सुकलेला असायचा. बांधावरचं ओंडकं चैत्रात तोडून वैशाखात रचलं तर ते सुकणार कधी? मनगटाएवढं फोडून निदान होळीच्या आधी उन्हात पडायला पाहिजे. खात्री करायची तर एका लाकडाला खूण करून वजनकाट्यावर टाका, पंधरा दिवसांनी पुन्हा टाका. वजन उतरत असेल तोवर ते वाळतंय, म्हणजे अजून आत न्यायचं नाही.

बुड

सगळ्यात जास्त जळण इथंच वाया जातं, आणि दुरुस्ती सगळ्यात स्वस्त इथंच आहे.

जमिनीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर लाकडं रचायची पद्धत सोडा. खालची ओल अडते हे खरं, पण बाजूनं आलेलं पाणी त्याच कागदावर साचतं आणि बुडातला थर पाण्यात बसतो. त्यापेक्षा थप्पी उचलायची. पडक्या घराचे दगड कुणाच्याही परड्यात पडलेले असतात. हातभर अंतरानं दगडांच्या ओळी करून, जमिनीपासून फूटभर उंचीवर आडवं सामान टाका. फूटभर का, तर वळचणीच्या पागोळ्यांचं पाणी मातीवर आपटून जे शिंतोडे उडतात, ते बहुतेक तेवढ्या उंचीपर्यंतच जातात. शिवाय खालून बॅटरी मारून आरपार दिसलं पाहिजे. हे कशासाठी ते पुढं येईलच.

आडवं सामान म्हणून कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीतून भंगारात येणारे लाकडी पॅलेट बरे. घेताना त्यावरचा शिक्का बघा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन निर्जंतुक केलेलं, ते चालेल. 'एमबी' असेल तर त्याला मिथाईल ब्रोमाईडची धुरी दिलेली असते. ते घेऊ नका. मोडलं की शेवटी कुणीतरी ते चुलीतच घालणार. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि पाच फूट उंच थप्पी म्हणजे 160 घनफूट. बाभळीसारखं जड लाकूड असेल तर वाळलेलं असूनही हे ओझं दोन टनांच्या आसपास जातं. पॅलेटच्या मधल्या फळीखाली दगड नसेल तर आषाढात पॅलेट मोडतं आणि थप्पी पुढं कोसळते. म्हणून कडेला दोन ओळी दगड लावून भागत नाही, मध्येही ओळ हवी.

पॅलेटपेक्षाही चांगलं सामान आपल्याच जिल्ह्यात आहे. तासगाव, कवठेमहांकाळकडं द्राक्षबाग काढून टाकली की मांडवाचे लोखंडी अँगल आणि जस्ताची तार भंगारात किलोवर जाते. या अँगलला भोकं आधीच पाडलेली असतात, नट-बोल्ट मारला की सांगाडा उभा. वेल्डिंगवाल्याची मिनतवारी नको. फक्त मातीत थेट पुरू नका. लोखंड सडतं ते नेमकं जमिनीलगतच्या वीतभरात. पायाला डांबर फासा किंवा अँगल दगडाच्या खोबणीत उभा करा. जुनी तार सोडवताना एक टोक पायाखाली दाबून मग कापा, नाहीतर वेटोळं उसळून तोंडावर येतं.

खोपट्याच्या वरच्या अंगाला, म्हणजे उताराचं पाणी येतं त्या बाजूला, वीतभर खोल चर मारायचा. आणि थप्पी घराच्या भिंतीला टेकवायची नाही. मध्ये माणसाचा हात जाईल एवढी फट ठेवायची. मातीच्या भिंतीला टेकवलेलं जळण भिंतीतली ओल ओढतं, वाळवीला घरात जायला वाट करून देतं, आणि भिंतही पोखरून ठेवतं.

बाजू कुठली बंद, कुठली उघडी

आमच्याकडं दोन वारे वेगवेगळे येतात, आणि खोपटं दोघांना पुरून उरायला हवं. पावसाळ्याची झड पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येते. वळीव बहुतेक वेळा उगवतीकडून उठतो. झड लाकूड भिजवते. वळीव पत्रा उडवतो.

म्हणून छपराचा उतार पश्चिमेकडं द्यायचा. तिकडची वळचण खाली, दीड-दोन फूट पुढं आलेली. पूर्वेची बाजू उंच आणि सताड उघडी. पश्चिमेला आणि दक्षिणेला कुड घालायचा, पण तो श्वास घेणारा पाहिजे. बांबूच्या तट्ट्या चांगल्या. रोपवाटिकेतून टाकलेलं हिरवं शेडनेट दुहेरी केलं तर झडीचे थेंब त्यावर फुटतात, आत येते ती बारीक फवार, आणि वारा अडत नाही. निवडणुकीचे फ्लेक्स उदंड असतात, ते वापरायचेच असतील तर अखंड ताणू नका. हातभर रुंदीच्या पट्ट्या कापून, वरच्या पट्टीची कड खालच्या पट्टीवर येईल अशा, मध्ये फट ठेवून बांधा. पुढाऱ्यांचे चेहरे आतल्या बाजूला करावेत, उन्हानं रंग उडून भेसूर दिसतात. कुठलाही कुड जमिनीपासून वीतभर वर संपला पाहिजे आणि वरही छपराला भिडता कामा नये.

चार फूट रुंदीत दोन ओळी रचायच्या आणि दोघींच्या मध्ये वीतभर बोळ सोडायचा. काहीजण जागा वाचवायला फटीफटीत चिरफळ्या कोंबतात. दोन पाट्या जास्त बसतात, आणि मधलं सगळं जळण वाऱ्याविना मरतं.

पत्र्याचा घाम आणि जुनी भोकं

घामाचा त्रास श्रावणात कमी, पाऊस सरल्यावर जास्त. भाद्रपद-आश्विनात रात्री आभाळ निवळतं, पत्रा गार पडतो, थप्पीतून आणि जमिनीतून उठलेली दमट हवा त्याला खालून लागते आणि पहाटे थेंब धरतात. पत्र्याला उतार कमी असेल तर हे थेंब जागेवरच गळतात; उतार चांगला असेल तर ओघळत वळचणीपर्यंत जातात. फुटाला दोन इंच उतार ठेवला तर बराचसा प्रश्न मिटतो. थप्पी आणि पत्रा यात हातभर मोकळी जागा ठेवा. तरीही गळत असेल तर थप्पीवर उसाचं पाचट किंवा जुनी बारदानं पसरा. ती ओली झाली की उन्हात टाकून परत घालता येतात. पाचटाच्या ढिगात उंदीर होतात, म्हणून मी बारदानाच्या बाजूचा.

आता जुना पत्रा. भंगारातल्या पत्र्याला आधीची भोकं असणारच. पत्रा उन्हाकडं धरून खालून बघा, सगळी दिसतात. भोक पन्हाळीच्या उंचवट्यावर असेल तर फारसं बिघडत नाही, पाणी दोन्हीकडून निघून जातं. खोलगटीत असेल तर त्यावरूनच सगळा ओहोळ वाहतो. म्हणून पत्रे मांडताना खोलगटीत भोकं असलेलं टोक वरच्या अंगाला, दुसऱ्या पत्र्याच्या जोडाखाली लपेल असं फिरवा. तरी उरलेल्या भोकांना मागचा-पुढचा भाग तारेच्या ब्रशनं घासून डांबराची पट्टी चिकटवा. नुसता लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, गोळा दाबला तर उन्हानं पत्रा ताणतो-आकसतो आणि वर्षात गोळा सुटतो.

आडव्या जोडाला दीड पन्हाळ आणि उभ्या जोडाला वीतभर एकावर एक घ्यायचं. बसवायला सुरुवात उत्तरेकडून करून दक्षिणेकडं यायचं, म्हणजे वरच्या पत्र्याची उघडी कड झडीच्या उलट बाजूला राहते. गवंडी हे न सांगता करतो, पण घरच्या घरी केलेल्या खोपट्यांत हटकून उलटं झालेलं दिसतं. नवं काही विकत घ्यायचंच असेल तर हूक आणि डांबरी वायसर घ्या. तिथं काटकसर करू नका. वायसर कमी पडले तर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे गोल तुकडे चालतात.

पूर्वेची बाजू उंच आणि उघडी ठेवल्याचं दुखणं इथं येतं. वळवाचा वारा नेमका तिथून आत शिरतो आणि पत्रा खालून उचलतो. पत्र्यावर दगड नाहीतर टायर ठेवणं हा त्यावरचा इलाज नव्हे. दगडासकट उडालेला पत्रा नुसत्या पत्र्यापेक्षा वाईट. रीप वाशाला, वासा मेढीला आणि मेढ जमिनीला, असं तिन्ही ठिकाणी जस्ताच्या तारेनं पीळ देऊन बांधायचं. मेढी दोन फूट खोल, भोवती दगड ठासून. पूर्वेच्या दोन्ही कोपऱ्यांना, द्राक्षमांडवाला देतात तसा, पुरलेल्या मोठ्या दगडापासून तारेचा ताण द्यायचा.

कौलांबद्दल बरेचजण विचारतात, कारण घरावर स्लॅब पडला की मंगलोरी कौलांची चळत परड्यात पडून राहते. कौलाला पत्र्याइतका घाम येत नाही, ही जमेची बाजू. पण चौरस मीटरला पंधराएक कौलं लागतात, प्रत्येक दोन-अडीच किलोचं, त्यामुळं सांगाडा दणकट हवा आणि उतारही पत्र्यापेक्षा बराच जास्त. माकडांचा वावर असेल तर विचारच सोडा.

सिमेंटचे जुने पत्रे फुकट मिळाले तरी कापू नका, भोकं पाडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ छातीत जाऊन बसते. अखंड आहेत तसे बसत असतील तरच घ्या. 2019 आणि 2021 च्या महापुरात भिजलेले प्लायवूड, सनमायकाचे दरवाजे अजून भंगारात फिरताहेत. कुडाला नको आणि चुलीतही नको, त्यातल्या डिंकाचा आणि रंगाचा धूर वाईट.

वाळवी, भुंगा आणि साप

वाळवीला जमिनीपासून लाकडापर्यंत मातीची सलग वाट लागते. दगडाच्या जोत्यावर ती वाट उघड्यावर येते आणि डोळ्याला दिसते. दिसली की काठीनं मोडायची, आठवड्यानं परत बघायची. मेढीच्या बुडाला गॅरेजमधलं काळं ऑइल फासतात, त्यानं काही काळ दम निघतो. विहीर-आड जवळ असेल तर ते करू नये. जळणावर तर मुळीच शिंपडायचं नाही.

सुबाभळीतून पिठासारखा भुसा गळत असेल तर तो भुंगा. पांढऱ्या लाकडाला तो लागतोच, बाभळीच्या तांबड्या गाभ्याच्या वाटेला सहसा जात नाही. त्यावर औषध मारत बसू नका, ती लाकडं आधी जाळा. फक्त खोपट्याचे वासे तसल्या लाकडाचे नसावेत.

सापाचा विषय बत्तीस शिराळ्याच्या भागात कुणाला समजवायला नको. जळणाच्या खोपट्यात उंदीर, उंदरामागं साप, हे ठरलेलं. घोणस थप्पीच्या बुडाशी गप पडून राहते आणि लाकडाच्या रंगात मिसळून जाते. फूटभर उंच, आरपार दिसणारं बुड यासाठीच. संध्याकाळी जळण आणायला पोरांना पाठवू नये, आणि मोठ्यांनीही आधी बॅटरी मारावी, काठीनं दोन टोले द्यावेत, मगच हात घालावा. मका, शेंगांची पोती त्याच खोपट्यात ठेवणं म्हणजे उंदरांना आवतण. चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. हातपाय न हलवता सरळ सरकारी दवाखाना गाठायचा, लस तिथं मिळते.

आणि यंदाचं ओलं झालेलंच असेल तर

खोपटं मोडून बांधायला दिवाळीशिवाय सवड होत नाही. तोवर चारही बाजूंचा फ्लेक्स सोडा, आजच. पश्चिमेचा तेवढा वर गुंडाळून ठेवा, झड आली की खाली टाकता येईल. बुडातला बुरशी धरलेला थर काढून वेगळा करा. तो उन्हं पडल्यावर वाळतो आणि जळतोही, पण वरच्या थरांना ओल पुरवत राहतो.

रोजच्या चुलीसाठी दोन-तीन दिवसांचं जळण घरात आणून चुलीपासून हातभर लांब, जमिनीला न टेकता उभं करा. चुलीला लागून ठेवू नका, रात्री निखाऱ्यानं पेट घेतल्याची उदाहरणं प्रत्येक गावात आहेत. पेटवणासाठी तुरकाट्या आणि मक्याची बुरकुंडं वेगळी, माळ्यावर, कोरडी राखून ठेवायची. त्यांचा जाळ चांगला धरला की मगच वर फोडलेलं लाकूड, आणि तेही बारीक. अख्खं ओंडकं घालून वरून रॉकेल ओतण्यात अर्थ नाही, रॉकेल जळून जातं आणि ओंडकं तसंच राहतं.

शेणी लाकडापेक्षा लवकर ओल धरतात. त्यांचा हुडवा, म्हणजे रचलेली रास, लिंपून बाहेर ठेवलेला असेल तर तो फोडू नका. फोडलाच तर काढलेल्या शेणी खोपट्यात पूर्वेच्या उघड्या बाजूला, वरच्या थरात, एकीला एक न चिकटवता उभ्या लावा.